घर्षण नगण्य मानून

न्हाणीघराची फरशी बदलायला आलेल्या गवंड्यानं काम संपल्यावर खिशातून एक गोटी काढली. पाणसळ त्याच्याकडे होती, पारदर्शक नळीत पाणी भरून त्यानं सकाळीच भिंतीवर खुणाही करून ठेवल्या होत्या. तरी शेवटचा निवाडा गोटीचा. दाराशी उकिडवं बसून त्यानं ती फरशीवर नुसती ठेवली, ढकलली नाही. गोटी जरा वेळ जागेवरच राहिली. मग निघाली. आधी इतक्या हळू, की निघाली की नाही अशी शंका यावी; पुढे एका सांध्यावर किंचित उचलली गेली, डावीकडे कलली आणि जाळीपासून वीतभर लांब, भिंतीच्या कोपऱ्याला जाऊन टेकली.

“दोन सूत ढाळ कमी पडला,” तो म्हणाला.

“दोन सूत म्हणजे पाव इंच हो. जाईल की पाणी.”

“पाणी तुमचं-माझं ऐकत नाही, ताई,” असं म्हणून त्यानं ओली फरशी थापीनं उचकटायला घेतली.

सातारच्या आमच्या घरात कुणी ढाळ मोजून काढला नव्हता. माजघरातली शहाबादी फरशी बसवली तेव्हा सपाट असणार, पण खालची माती आपापल्या सोयीनं खचत गेली आणि फरशीही तिच्यामागून गेली. पाहुण्यांना ती जमीन सपाट वाटायची. आम्हाला तिचे सगळे चढउतार पाठ होते. ओसरीच्या दारातून सोडलेला चेंडू देवघराच्या उंबऱ्याकडे जातोसा वाटे आणि मध्येच विचार बदलून कोठीच्या खोलीकडे वळे. खांबापाशी ठेवला तर कुठेच जात नसे. आजीची वाटाणे सोलायला बसायची जागा ठरलेली होती, कारण तिथून निसटलेला दाणा पाटाशी येऊन थांबायचा. इतर कुठूनही निसटलेला दाणा कपाटाखाली जायचा, आणि कपाटाखाली हात घालायला तिची कंबर तयार नसे. गुरुत्वाकर्षण हा शब्द तिनं कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. त्याच्याशी तिचा व्यवहार मात्र रोजचा होता, आणि चोख होता.

शाळेत मात्र जमीन सपाट असायची, नाहीतर तिरपी असली तरी तिच्या कोनाचा आकडा दिलेला असायचा. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात एक चेंडू, एक उतार आणि शेवटी ठरलेली सूचना: घर्षण नगण्य मानावे. हवेचा विरोधही नगण्य मानावा. ती सूचना दिसली की हायसं वाटे, कारण गणित दोन ओळींत सुटायचं. पण पुस्तक मिटून मैदानावर गेलं की नगण्य मानलेलं तेवढंच सगळीकडे पसरलेलं असायचं: मुरूम, बारीक खडी, कडेला वाळकं गवत, मधूनच बैलगाडीच्या चाकोरीचा खळगा. मुलं मला बॅटिंग द्यायची ती चेंडू दिसेनासा व्हायला लागल्यावर. तोवर माझी नेमणूक सीमारेषेवर. त्यामुळे खेळाचा जो भाग मी सगळ्यांत जवळून पाहिला तो फटक्याचा नव्हता. फटका मारून झाला, आरडाओरडा झाला, मारणाऱ्याचं आणि टाकणाऱ्याचंही चेंडूवरचं लक्ष उडालं, की त्यानंतर चेंडूचं काय होतं, ते मी पाहायची. माझ्यापर्यंत येणाऱ्या चेंडूंत घाई उरलेली नसे. आता पळत जाऊन उचलावा की इथेच उभं राहून येऊ द्यावा, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न. आणि तो सोडवायला मैदानाचा तेवढा तुकडा माहीत असावा लागे.

चेंडू थांबतो, यात विचारण्यासारखं काय आहे, असंच माणसाला फार काळ वाटत आलं. ढकललं तर चालतो, ढकलणं संपलं की थांबतो. ॲरिस्टॉटलचं म्हणणं साधारण हेच होतं आणि जवळजवळ दोन हजार वर्षं ते शहाण्यासुरत्यांना पटत राहिलं. त्यांना हसायचं कारण नाही. बैलगाडी, नांगर, होडी, भरलेलं पोतं, अंगणातला चेंडू, जिकडे पाहावं तिकडे हाच पुरावा. आपण ज्या जगात जन्मतो तिथं थांबणं स्वाभाविक दिसतं आणि चालत राहणं हे कुणाच्या तरी कष्टाचं काम दिसतं. याच्या उलट असू शकेल असं वाटायला आधी डोळ्यांसमोरच्या जगातून काहीतरी वजा करता यावं लागतं.

गॅलिलिओनं ती वजाबाकी कशी केली ते त्यानंच लिहून ठेवलं आहे, आणि ते वर्णन मला एखाद्या सुताराच्या टिपणासारखं वाटत आलं आहे. सुमारे १२ हात लांबीचं लाकूड घेतलं. आजच्या मापात ७ मीटरच्या आसपास. त्याच्या कडेवर बोटभर रुंदीची, अगदी सरळ खाच पाडली. ती घासून गुळगुळीत केली आणि तिच्यात आतून चर्मपत्र चिकटवलं, तेही होता होईल तो तुळतुळीत करून. मग पितळेसारख्या काशाचा कठीण, घोटीव, बिनचूक गोल चेंडू घेतला. लाकडाचं एक टोक हात-दोन हात उचललं आणि चेंडू खाचेतून सोडला. सेकंद बिनचूक मोजणारं घड्याळ तेव्हा नव्हतं. पाण्यानं भरलेलं मोठं भांडं उंचावर ठेवून त्याच्या बुडाला बारीक नळी बसवली. चेंडू सुटल्यापासून पोचेपर्यंत नळीतून जेवढं पाणी पेल्यात पडलं तेवढं तराजूत तोललं. वेळ त्यानं वजनावर मोजला. शंभर-शंभर वेळा करून पाहिलं, असं तो म्हणतो.

या शंभर वेळांवर पुढे काही विद्वानांचा विश्वास बसेना. अलेक्झांडर कोयरे या नाणावलेल्या इतिहासकाराला तर पाण्याचं घड्याळ आणि चर्मपत्राची खाच हा सगळा प्रकार अशक्य कोटीतला वाटला. गॅलिलिओनं हे बहुधा डोक्यातच केलं असावं, असा त्याचा सूर. मग १९६१ साली थॉमस सेटल नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानं तशीच फळी, तसंच पाणी घेऊन हा प्रयोग करून पाहिला आणि आकडे चांगले जुळले. मला या हकिकतीत गॅलिलिओ जिंकला याचा आनंद आहेच. पण विद्वानांच्या वादात कुणीतरी उठून सरळ सुतारकामाला लागलं, याचा आनंद जास्त आहे.

चेंडूनं त्याला सांगितलं ते असं: पहिल्या कालखंडात तो जेवढं अंतर तोडतो त्याला एक म्हटलं, तर तेवढ्याच वेळाच्या दुसऱ्या खंडात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. विषम आकड्यांची ही रांग गुरुत्वाकर्षणाच्या पोटात दडलेली असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात नंतरच्या काळात बनवलेली एक तिरपी फळी आहे, तिच्यावर अशाच वाढत्या अंतरांवर छोट्या घंटा टांगलेल्या. चेंडू खाली येताना एकेक घंटा वाजवत येतो. अंतरं वाढत जातात आणि नाद मात्र समान कालानं पडत राहतो. गॅलिलिओचा बाप विन्चेन्झो ल्यूट वाजवणारा आणि संगीतावर ग्रंथ लिहिणारा. स्टिलमन ड्रेक या अभ्यासकानं तर असंही सुचवलं, की सुरुवातीला गॅलिलिओनं फळीवर तातीचे दोरे आडवे बांधले असावेत आणि चेंडू त्यांवरून जाताना होणारा टक-टक आवाज तालात बसेपर्यंत ते मागेपुढे सरकवले असावेत. सिद्ध करणं कठीण आहे. पण तबल्याच्या साथीत वाढलेल्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही. लय चुकली तर ते सेकंदाच्या किती बारीक भागाला खटकतं, हे आपल्याला ठाऊक असतं.

१६३२ सालच्या त्याच्या संवादात्मक ग्रंथात तो वजाबाकी शेवटाला नेतो. आरशासारखा गुळगुळीत, पोलादासारखा कठीण पृष्ठभाग कल्पा, त्यावर काशाचा परिपूर्ण गोल, हवाही काढून टाका. उतारावर चेंडूचा वेग वाढत जाईल, चढावर घटत जाईल. आणि उतारही नाही, चढही नाही, अशा ठिकाणी त्याला गती दिली तर? संवादातला ॲरिस्टॉटलचा अनुयायी सिम्प्लिचिओ, त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घेतलं जातं: जमीन संपेपर्यंत चालत राहील. पुढच्या वर्षी खटला झाला. उरलेलं आयुष्य फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीत, नजरकैदेत. फळीचं आणि पाण्याच्या पेल्याचं ते वर्णन असलेलं पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडेनला छापून बाहेर आलं, तोवर त्याची दृष्टी गेली होती. कधीच न थांबणारा चेंडू तर डोळसपणीही कुणाला दिसला नव्हता.

इथंवर सगळं गोष्टीसारखं नीट आहे. माझं मन अडकतं ते त्या चर्मपत्राशी. घर्षण जावं म्हणून त्यानं खाच इतकी तुळतुळीत केली. पण घर्षण खरोखर पूर्ण गेलं असतं तर चेंडू घरंगळलाच नसता. उतारावर नुसता घसरत खाली आला असता, एक वेटोळंही न घेता, ज्या बाजूवर ठेवला त्याच बाजूवर. चेंडूला फिरवतं कोण? गुरुत्वाकर्षण त्याच्या मध्यावर ओढतं, तेवढ्यानं तो फिरत नाही. जमीन त्याला तळाशी धरून ठेवते म्हणून तो फिरतो. न घसरता घरंगळणाऱ्या चेंडूचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, अगदी स्थिर. आणि त्याच क्षणी चेंडूचा माथा मध्याच्या दुप्पट वेगानं पुढे चाललेला असतो. मग तो स्थिर बिंदू उचलला जातो आणि शेजारचा त्याच्या जागी येऊन थांबतो. म्हणजे घरंगळणं हे थांबण्यांचंच बनलेलं असतं. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर मी सीमारेषेवर जास्त खुशीत उभी राहिले असते.

या धरून ठेवण्याची किंमतही चेंडू चुकवतो. भरीव चेंडू उतारावरून न घसरता घरंगळत आला, तर त्याचं त्वरण बिनघर्षणाच्या घसरणीच्या पाच सप्तमांशच भरतं. उरलेला वाटा स्वतःभोवती फिरण्यात खर्च होतो. चेंडू लहान की मोठा, हलका की जड, याचा इथं संबंध नाही. आतून भरीव की पोकळ, याचा आहे. म्हणून एकाच फळीवरून काचेची गोटी आणि प्लास्टिकचा पोकळ चेंडू एकदम सोडले तर गोटी पुढे जाते. सगळं वजन सालीत असलेल्या चेंडूला फिरायला जास्त पडतं. हे पाच सप्तमांश पुन्हा एकदा भलत्याच जागी भेटतात. गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानं १८३५ साली बिलियर्डवर अख्खं गणिती पुस्तक लिहिलं. त्या खेळात बरोबर मध्यावर टोला बसलेला चेंडू आधी कापडावर नुसता घसरतो, घसरता घसरता फिरायला लागतो, आणि नीट घरंगळू लागतो तेव्हा त्याचा वेग मूळ वेगाच्या पाच सप्तमांश उरलेला असतो. कापड खरखरीत असो की मऊसूत, उत्तर तेच. खरखरीत कापडावर ते लवकर येतं, मऊसूतावर उशिरा, एवढंच. घर्षण किती, याला शेवटच्या हिशेबात जागाच नाही; ते असायला मात्र हवं. ही तडजोड मला फार आवडते.

मैदानावरचं थांबणं वेगळं, आणि खरं सांगायचं तर घासण्याशी त्याचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून कमी. गवतावर चेंडू टेकतो तिथे त्याच्या वजनानं पाती दबतात, ओली माती जराशी खाली जाते. मागची पाती पुन्हा उभी राहीपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो. पुढची मात्र त्याच्या वाटेत उभी असतात. म्हणजे तो आपल्याच वजनानं एक खळगा करतो आणि सारखा त्यातून वर चढू पाहतो. गॅलिलिओनं सांगितलेली उतार नसलेली, चढही नसलेली जमीन चेंडूच्या वाट्याला कधी येत नाही. सपाटीवरही त्याच्यापुढे एक चढ असतोच, आणि तो त्यानं स्वतःच उभा केलेला असतो. गेलेली गती कुठे जाते? मातीत, पात्यांत, चेंडूच्या कातड्यात, उष्णता होऊन. मोजू गेलं तर हाताला लागणार नाही इतकी.

मुंबईत पावसाळ्यात क्रिकेट खेळण्याचा हट्ट १९४८ पासून कांगा लीग चालवते. डॉ. एच. डी. कांगांच्या नावाची ही स्पर्धा. मैदानावर घोट्याएवढं गवत, मध्ये चिखल, वरून केव्हाही सर. तिथं जमिनीलगत कितीही सुंदर फटका मारा, चेंडू वीस-पंचवीस पावलांवर गवतात बसतो. ज्याला धावा हव्यात त्यानं चेंडू उचलून मारायचा, म्हणजे घर्षणाचा नाद सोडून गुरुत्वाकर्षणाशी व्यवहार करायचा. त्यात झेलबाद होण्याची जोखीम. मुंबईच्या किती फलंदाजांनी या दोन सावकारांच्या मध्ये उभं राहून हिशेब शिकला असेल!

आमच्याकडे टेनिसचा चेंडू असायचा आणि तो नवा असताना एक, जुना झाल्यावर दुसराच. डांबरी रस्त्यावर घासून त्याची लव जायची. टक्कल पडलेला चेंडू टप्प्यावर जमीन धरत नसे, सरकत यायचा आणि अंदाजापेक्षा लवकर पायावर आदळायचा. गटारातून काढलेला ओला चेंडू त्याहून बेरका. बाद झालेला तक्रार करायचा आणि गोलंदाज पँटीला चेंडू पुसल्यासारखं करायचा, पुसायचा नाही.

हेच मोठ्या मंचावर पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानात झालं, फेब्रुवारी २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत. खेळपट्टी कोरडी, भेगाळलेली. सगळ्यांनी धरलं होतं की चेंडू हातभर वळणार, आणि वळणारा चेंडू तर आपल्या फलंदाजांच्या घरचा. स्टीव्ह ओ'कीफ हा डावखुरा फिरकी गोलंदाज दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेऊन गेला. भारत १०५ आणि १०७. पहिल्या डावात तर शेवटचे ७ बळी ११ धावांत. काही चेंडू खरंच वळले; पण घात केला तो न वळलेल्यांनी. शिवण जमिनीला लागली तर चेंडू माती पकडतो आणि वळतो. शिवणीच्या शेजारचं गुळगुळीत कातडं लागलं तर तो माती न पकडता सरळ सरकतो. हातातून सुटताना दोन्ही सारखेच. कुठला पकडेल आणि कुठला सरकेल हे टाकणाऱ्यालाही ठामपणे सांगता येत नसेल, तर खेळणाऱ्यानं काय करावं? सामना तिसऱ्या दिवशी ३३३ धावांनी संपला आणि खेळपट्टीला निकृष्ट असा शेरा मिळाला. शेरा रास्त असेलही. तरी मला त्या जमिनीबद्दल थोडी आपुलकी वाटते. नगण्य मानायची सोय तिनं कुणालाच ठेवली नव्हती.

गुरुत्वाकर्षणाबद्दल मात्र मला एवढी माया नाही. ते फारच सरळ आहे. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचतो, क्षणभर त्याचा वेग शून्य होतो, आणि त्या क्षणीही पृथ्वी त्याला तितक्याच जोरानं ओढत असते, ना कमी ना जास्त. उंच उडालेल्या झेलाखाली उभं राहिलेल्याला जे युगासारखं वाटतं ते बहुधा चार सेकंदांचं असतं. हवेचा विरोध नगण्य मानला (मानलाच शेवटी!) तर एवढ्या वेळात चेंडू जेमतेम २० मीटर वर जाऊन येतो. चंद्रावर ही ओढ एक षष्ठांश. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ च्या ॲलन शेपर्डनं माती उचलायच्या अवजाला गोल्फच्या काठीचं टोक बसवलं, आणि अंतराळपोशाख इतका ताठर की एकाच हातानं दोन चेंडू टोलवले. दुसरा मैलोगणती गेला, असं तो गमतीनं म्हणाला. हवा नाही, ओढ इतकी कमी. शाळेतल्या गणिताला याहून जवळची जागा मिळायची नाही. पुढे जुनी छायाचित्रं तपासून अंतर काढलं गेलं तेव्हा तो सुमारे ४० यार्डांवर पडलेला निघाला. चंद्रावरही धूळ आहे. ते दोन्ही चेंडू अजून तिथंच असतील.

आमच्या सोसायटीत मैदान नाही. मुलं पार्किंगमध्ये खेळतात, पेव्हर ब्लॉकवर, जिथं प्रत्येक सांध्याला चेंडू दिशा बदलतो; शेजारी तळघराकडे उतरणारा रॅम्प. त्यांचे नियम तिथल्या जमिनीनं घालून दिलेले आहेत: भिंतीला थेट लागला तर बाद, गाडीखाली गेला तर एक धाव, कुंड्यांत गेला तर ज्यानं मारला त्यानं आणायचा. रॅम्पचा नियम मात्र अजून ठरायचा आहे. परवा एका मुलीनं चेंडू हळूच ढकलला, तो रॅम्पच्या तोंडाशी जवळजवळ थांबला आणि मग खाली निघाला. ती धावतच सुटली. तीन, चार, पाच.

“ए, बास! एवढ्या नसतात!”

“का? चेंडू अजून चालतोय ना? चालतोय तोवर पळायचं!”

“तो तुझ्या फटक्यानं चालत नाहीये काही. उतार नेतोय त्याला.”

“पण उतारापर्यंत कुणी नेला?”

गॅलरीतून मला मत विचारलं गेलं. मी काही बोलायच्या आत दोन्ही पक्ष वॉचमनकाकांकडे गेले. त्यांनी दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं, निकाल राखून ठेवला, आणि आधी खाली जाऊन चेंडू कुणाच्या गाडीखाली गेलाय ते बघून या म्हणाले.